‘कि’ आणि ‘व्हि’

नमस्कार श्रोतेहो. आज बोलायचंय आफ्रिकेतल्या बांटू भाषांबद्दल. उदाहरणं स्वाहिलीची घेतो. टांझानिया, केनियाच्या बाजारांत आणि रेडिओवर हीच भाषा कानी पडते.

दगड मोठा, वीट मोठी, पान मोठं, हे आपल्या अंगवळणी पडलेलं आहे. बांटू भाषांत पुल्लिंग-स्त्रीलिंग नाही, नामांचे वर्ग असतात. १८६२ मध्ये विल्हेल्म ब्लीक या जर्मन अभ्यासकाने या भाषांचं तुलनात्मक व्याकरण छापायला घेतलं, तेव्हापासून या वर्गांना आकडे पडले. आणि वर्गाची खूण शब्दाच्या शेवटी नसते, सुरुवातीला असते. पुन्हा सांगतो, सुरुवातीला. ऐका: किताबू किकुब्वा किमेआंगुका. मोठं पुस्तक पडलं. आता अनेक पुस्तकं: व्हिताबू व्हिकुब्वा व्हिमेआंगुका. नाम, विशेषण, क्रियापद, तिन्हींना एकच खूण. एकाला कि, अनेकांना व्हि.

हा किताबू म्हणजे अरबीतली किताबच. त्यातला ‘कि’ मुळात शब्दाचाच तुकडा, पण स्वाहिली बोलणाऱ्यांच्या कानाला तो वर्गाची खूण वाटला आणि व्हिताबू तयार झाला.

याहून मला आवडते ती रस्त्यावरची गोष्ट. टांझानियात गाड्या आपल्यासारख्याच डावीकडून चालतात. चौकातल्या गोल बेटापाशी इंग्रजी पाटी असायची, ‘कीप लेफ्ट’. डाव्या बाजूने जा. लोकांनी त्या बेटालाच नाव देऊन टाकलं, किप्लेफ्ती! तर पुढच्या चौकात आणखी एक बेट आलं. आता दोन बेटांना काय म्हणायचं? व्हिप्लेफ्ती! ‘कीप’ मधला ‘की’ सुटा झाला, खूण बनला, आणि अनेकवचनात त्याच्या जागी ‘व्हि’ येऊन बसला. मोठं बेट, किप्लेफ्ती किकुब्वा. मोठी बेटं, व्हिप्लेफ्ती व्हिकुब्वा. परका शब्द शिरला की भाषा बाटते, हे म्हणणं मला कधीच पटलेलं नाही, ते या शब्दामुळे.

एक अपवाद मात्र लक्षात ठेवा. पाणघोडा म्हणजे किबोको. सुरुवातीला ‘कि’ आहे, म्हणून ‘किबोको किमेलाला’ म्हणाल, तर चुकेल. पाणघोडा जिवंत आहे, त्यामुळे क्रियापद माणसांच्या वर्गाचं लागतं: किबोको आमेलाला. पाणघोडा झोपलाय.