सहा सेंटिमीटरचं राजकारण

पत्रिकेवर आजचा विषय छापलाय 'द अ‍ॅग्रोनॉमिस्ट'. जोनाथन डेमी यांचा २००३चा माहितीपट, कॅरिबियनमधल्या हाइती या देशातले रेडिओ-पत्रकार जाँ दोमिनिक यांच्यावरचा. बहुतेकांनी तो पाहिलाय, म्हणूनच आलात. त्याकडे वळतोच, पण आधी एक जुनं दुखणं.

कथापटातला रेडिओ-स्टुडिओ आठवा. लाल दिवा लागतो, नायक माइकला जवळजवळ ओठ टेकवतो आणि त्याच खोलीतल्या स्पीकरमधून त्याचाच आवाज घुमतो. प्रत्यक्षात असं केलंत तर बातमी राहील बाजूला, कानठळ्या बसवणारी शिट्टी सुरू होईल. माइकनं उचललेला आवाज स्पीकरमधून बाहेर, तोच पुन्हा माइकमध्ये, असं ते चक्र वाढत जातं. म्हणून माइक उघडला की स्टुडिओतला स्पीकर आपोआप बंद होतो. हेडफोन त्यासाठीच असतात, रुबाबासाठी नाही. आणि माइक तोंडापासून वीतभर लांब, किंचित तिरका. अगदी समोर धरला की 'प' आणि 'फ'चा दणका बसतो. त्या हिशेबानं 'पंतप्रधान' हा शब्द फारच त्रासदायक. हसू नका, मी उच्चाराबद्दल बोलतोय.

माझी खरी तक्रार मात्र वेगळी आहे: टेप कापणं कोणी दाखवतच नाही. राजकीय बातमीदाराची सगळी सत्ता तिथे होती. रीळ हातानं मागेपुढे फिरवायचं, शब्द नेमका हेडवर, म्हणजे टेपवरचा आवाज वाचणाऱ्या भागावर, आला की टेपच्या मागच्या बाजूला पेन्सिलनं खूण करायची. मग टेप खाचेच्या ठोकळ्यात बसवून पंचेचाळीस अंशांत ब्लेड. तिरकंच का? एक आवाज मावळता मावळता दुसरा उगवतो. सरळ कापलं तर सांधा 'टक्' वाजू शकतो. ब्लेडमध्ये चुंबकत्व शिरलं असेल तरीही वाजतो. चिकटपट्टी मागच्या बाजूलाच लावायची, आवाज असतो त्या बाजूला कधीच नाही.

आता गणित करा. टेप सेकंदाला १९ सेंटिमीटर धावते. मंत्री म्हणतात, 'मी राजीनामा देणार नाही.' त्यातला 'नाही' सेकंदाचा तिसरा हिस्सा धरा, म्हणजे जेमतेम सहा सेंटिमीटर. तेवढी पट्टी टोपलीत गेली की मंत्री राजीनामा देणार! मराठीत नकार शेवटी येतो, त्यामुळे कापणाऱ्याची तर चैनच. पकडला जातो तो श्वासामुळे. वाक्यानंतरचा श्वासही कापला गेला तर माणूस दम न घेता बोलतोय असं वाटतं. मागचा पंखा मध्येच थांबला तरी कान टवकारतात. म्हणून जाणता बातमीदार मुलाखत संपल्यावर खोलीची नुसती शांतताही अर्धा मिनिट टिपून आणतो. सांधे बुजवायला तीच लागते.

चिठ्ठी आली. सात मिनिटं उरलीत. बरं.

तर दोमिनिक. शिक्षणानं शेतीतज्ज्ञ, चित्रपटाचं नाव त्यावरूनच. हाइतीत तेव्हा राज्यकारभाराची भाषा फ्रेंच, शेतकऱ्याची क्रेओल. त्यांनी 'रेडिओ हाइती इंतेर'वर बातमी क्रेओलमध्ये आणली. ज्याला वाचता येत नव्हतं त्यालाही आता राजधानीत काय शिजतंय ते कळू लागलं. सत्तेला झोंबलं ते हेच. नोव्हेंबर १९८०मध्ये दुव्हालिए घराण्याच्या हुकूमशाही राजवटीनं केंद्र मोडलं, दोमिनिक परदेशी गेले. १९८६मध्ये राजवट पडल्यावर परतले, १९९१च्या लष्करी उठावानंतर पुन्हा देशाबाहेर. डेमी यांच्या हाती मुलाखती लागल्या त्या या दुसऱ्या परदेशवासात, न्यूयॉर्कमध्ये.

आणि डेमी यांनी केलं काय? चेहरा बराच वेळ पडद्यावर धरून ठेवला. भुवया, हात, मध्येच थबकणं, सगळं राहू दिलं. रेडिओवाल्याचं शरीर श्रोत्याला कधी दिसत नाही, इथे दिसतं. माझा मुद्दा एवढाच होता आणि त्याला अर्धा तास हवा होता.

३ एप्रिल २००० रोजी सकाळी केंद्राच्या आवारात दोमिनिक यांना आणि तिथल्या रखवालदाराला गोळ्या घातल्या. ठीक महिन्यानं, ३ मे रोजी, त्यांच्या पत्नी मिशेल मोंतास यांनी प्रसारण पुन्हा सुरू केलं. तो प्रसंग पाहताना पडद्याकडे नको, आवाजाकडे लक्ष द्या. त्या श्वास कुठे घेतात ते ऐका.