पाऊण घेर

आधी हा सांगाडा नीट पाहून घ्या. वेताच्या पट्ट्या वाकवून मी घरीच केलाय, त्यामुळे मापात थोडं इकडेतिकडे असेल, पण कल्पना येईल. नाडीनं कमरेला बांधायचा, दोन्ही कुशींना फुगवटा आणतो, आणि वरून रेशमाचा घागरा. फ्रेंचमध्ये याला ‘पॅनिए’ म्हणतात, म्हणजे टोपल्या. मी हा बांधून घरभर हिंडले. दारातून सरळ जाता येत नाही, तिरकं व्हावं लागतं. हात खाली सोडता येत नाहीत, ते घेरावर टेकतात. आणि मुख्य म्हणजे स्वतःची पावलं दिसत नाहीत. पॅरिसच्या ऑपेरात अठराव्या शतकात स्त्रिया असल्या घेरात बॅले नाचत होत्या.

पुरुषांची सुटका होती असं समजू नका. त्यांच्या कमरेला ‘टोनले’, म्हणजे ताठ उभा राहणारा आखूड घेर. डोक्यावर केसांचा टोप, त्यावर पिसांचा तुरा, पायात टाचांचे बूट आणि कित्येकदा तोंडावर मुखवटा. हा सगळा थाट राजदरबारातून आला होता. बॅले आधी दरबारात नाचलं गेलं, मग नाट्यगृहात आलं, येताना दरबारी पोशाख अंगावर घेऊनच आलं. शिवाय उजेड मेणबत्त्यांचा आणि तेलाच्या दिव्यांचा. त्या मिणमिणत्या प्रकाशात जर आणि टिकल्या चमकायच्या, लांबच्या प्रेक्षकालाही नर्तक दिसायचा. त्या काळच्या शिंप्यांना नावं ठेवण्याआधी हे लक्षात घ्यायला हवं.

पण एका माणसाला ते सहन होईना. झाँ-जॉर्ज नोव्हेर, बॅले बसवणारा फ्रेंच नृत्यरचनाकार. १७६० साली त्यानं नृत्यावरची आपली पत्रं छापली. त्याची तक्रार साधी आहे: ग्रीक असो, रोमन असो, धनगर असो, शिकारी असो, सगळ्यांचे कपडे एकाच बेतावरून कापलेले, फरक काय तो रंगाचा आणि नक्षीचा. मुखवट्यांवर तर तो तुटूनच पडतो. चेहरा झाकला तर नर्तकानं दुःख दाखवायचं कशानं? टोनले त्याला पुरतं हद्दपार हवं होतं. बायकांच्या घेराबद्दल मात्र तो म्हणतो की मी त्याचे तीन चतुर्थांश कमी करीन. या मागणीपाशी मी दर वेळी थांबते. नोव्हेर नाट्यगृहात काम करणारा माणूस होता. एकदम सगळं काढा म्हटलं तर कुणी ऐकणार नाही, हे तो ओळखून होता. म्हणून पाऊण घेर जाऊ दे, पाव राहू दे.

त्याच्या आधी एका बाईनं हे करूनही दाखवलं होतं. मारी साले ही फ्रेंच नर्तकी १७३४ मध्ये लंडनला ‘पिग्मॅलियन’ हे बॅले नाचली ती घेराविना, साध्या मलमलीच्या वस्त्रात, केस मोकळे सोडून. पॅरिसच्या वर्तमानपत्रात त्याचं वर्णनही छापून आलं. पण पॅरिसचा रंगमंच बदलला नाही.

आता नोव्हेरचं स्वतःचं काय झालं? जर्मनीतल्या व्यूर्टेम्बर्गच्या ड्यूकच्या पदरी, श्टुटगार्टला, त्याला पैसा आणि मोठा नर्तकसंच मिळाला. पोशाख काढायला लुई-रने बोके हा चित्रकार. बोकेची ती रंगीत रेखाटनं आजही टिकून आहेत. ती पाहताना मला वाईटच वाटतं. किती नाजूक रेषा, किती सुंदर रंग, पण घेर आहेतच, पिसं आहेतच. १७६३ मध्ये नोव्हेरनं तिथे ‘मीडिया आणि जेसन’ हे बॅले बसवलं: ग्रीक पुराणातली मीडिया, नवऱ्यानं, जेसननं, टाकल्यावर सूड घेते. तेच कथानक १७८१ मध्ये गाएतानो व्हेस्त्रिस या नर्तकानं लंडनमध्ये रंगवलं, तेव्हा त्याचं एक व्यंगचित्र निघालं. मध्ये जेसन, दोन्ही बाजूंना दोन स्त्रिया, मीडियाच्या हातात खंजीर. चित्रकारानं चेहरे पिळवटलेले काढलेत, भुवया वर, तोंडं वाकडी. म्हणजे चेहरा उघडा झाला होता, भाव दिसू लागले होते. आणि खाली बायकांचे घेर तसेच ऐसपैस! दोन्ही गोष्टी एकाच कागदावर आहेत.

मुखवटा आधी गेला. १७७०च्या दशकाच्या सुरुवातीला माक्सिमिलियाँ गार्देल या पॅरिसच्या ऑपेरातल्या नर्तकानं अपोलो या ग्रीक देवाची भूमिका करायला होकार दिला तो अटीवर: मुखवटा नाही, टोप नाही, माझे स्वतःचे केस दिसतील.

घेर जायला मात्र अख्खा जमाना बदलावा लागला. १ जुलै १७८९ रोजी फ्रान्समधल्या बोर्दोला झाँ दोबेर्व्हाल या नृत्यरचनाकाराचं एक बॅले रंगमंचावर आलं. पुढे ते ‘ला फी माल गार्दे’ या नावानं जगभर गेलं, अजूनही नाचलं जातं. त्यात देव नाहीत, राजे नाहीत. एक शेतकरीण, तिची लग्नाची मुलगी, मुलीचं प्रेम, आणि पेंढ्या. दोन आठवडेही झाले नाहीत तोच पॅरिसमध्ये बास्तियचा तुरुंग पडला, फ्रेंच राज्यक्रांती पेटली. दोबेर्व्हालला काही ठाऊक असण्याचं कारण नव्हतं, पण ती तारीख वाचली की माझ्या अंगावर काटा येतो.

आणि मग १७९३, व्हिएन्ना. साल्वातोरे व्हिगानो हा इटालियन नर्तक आणि त्याची नर्तकी पत्नी मारिया मेदिना. तिचं वस्त्र इतकं तलम की खालचं शरीर हलताना दिसे. शहरात तिच्या नावाची फॅशन निघाली. हर्क्युलेनियम आणि पाँपेई ही ज्वालामुखीखाली गाडलेली रोमन शहरं उकरून काढल्यापासून प्राचीन पोशाखाचं वेड युरोपभर पसरलेलं होतं, त्याला आता अंग मिळालं. टाचेचे बूट गेले, मऊ सपाट जोडे आले. साहजिकच पावलांचं काम बदललं: उडी उंच गेली, गिरक्या वाढल्या, कारण आता पाय दिसत होता आणि दिसतो त्याची साधना होते.

या कपड्यामागे आपल्याकडचे हात आहेत. तलम कापडाची चटक युरोपला लावली ती बंगालच्या विणकरांनी, ढाक्याच्या मलमलीनं. १७७९ मध्ये क्रॉम्प्टन या इंग्रजाचं सूतकताईचं यंत्र आलं, त्यानंतर इंग्लंडही तसं बारीक सूत काढू लागलं.

सांगाड्याशेजारी मी वारभर मलमलही ठेवली आहे. पुढे या, आधी घेर कमरेला बांधून दोन पावलं टाका, मग ती मलमल मुठीत धरा.