त्याच बोटीनं परत

[विजयदुर्ग. सकाळची ओहोटी. वाघोटण खाडीच्या मुखाशी किल्ल्याचा तट, खाली नांगरलेले मचवे.]

या बुरुजावरून समोर जे पाणी दिसतं, त्यावर एके काळी परवान्याशिवाय फिरायची सोय नव्हती. सोळाव्या शतकात पोर्तुगीज ‘कार्ताझ’ नावाचा कागद विकायचे. तो नसलेलं गलबत सापडलं की धरायचे आणि माल उतरवून घ्यायचे. मक्केला यात्रेकरू नेणारी मोगलांची जहाजंही त्यातून सुटली नाहीत. पुढे कान्होजी आंग्रे सरखेल, म्हणजे मराठी आरमाराचे प्रमुख, झाले आणि त्यांनी तीच रीत उलटी फिरवली. या किनाऱ्यावरून जायचं असेल, तर आमचं दस्तक घ्या. इंग्रजांनी ते मानलं नाही. १७२९ मध्ये कान्होजी गेले, तोपर्यंत ते भांडण काही मिटलं नाही.

या कागदांची एक गंमत आहे. त्यात गलबत कोणतं, त्याचा नाखवा कोण, कुठून कुठे चाललंय आणि पोटात माल काय, हे सगळं विचारलेलं असे. आत बसलेल्या एकेका उतारूला वेगळा कागद कोण विचारतो! परवाना बोटीचा, आणि उतारू बोटीच्या पदराला.

[गावातलं एक घर. पडवीत सुपारी सुकत घातलेली. पाटावर सिंगापूरच्या क्रूझचं रंगीत माहितीपत्रक.]

आज या घरात नेमक्या याच गोष्टीवरून वाद चाललाय. काका शाळामास्तर होते, आता निवृत्त. मुलानं आईवडिलांसाठी चार रात्रींची क्रूझ ठरवली आहे. सिंगापूरहून निघायचं, पेनांग, फुकेत करून परत सिंगापूर. काकांचा हिशेब सरळ आहे.

“बोटीतच ऱ्हवाचा, बोटीतच जेवाचा, बोटीतच निजाचा. मगे व्हिसा कित्याक?”

पुतण्या एका क्रूझवर हाउसकीपिंगला आहे, आठ महिन्यांचं काँट्रॅक्ट संपवून नुकताच साइन ऑफ करून आलाय. तो म्हणतो, “काका, व्हिसा व्हयो काय नको, ता बोटीक नाय, तुमच्या पासपोर्टाक इचारूक व्हया.”

दोघांचंही थोडं थोडं बरोबर आहे.

[जुन्या आगबोटीचं चित्र. किनाऱ्याचा नकाशा, एकेक बंदर उजळत जातं.]

काकांचा गैरसमज कोकणातल्याच बोटीनं घातलेला आहे. मुंबईहून निघालेली आगबोट हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, मुसाकाजी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ला करत पणजीला जायची. बहुतेक ठिकाणी ती धक्क्याला लागतच नसे. बाहेर खोल पाण्यात उभी राहायची आणि माणसं पडावात उतरायची. पोटात ढवळून आलं की ‘बोट लागली’ म्हणायचं आणि आवळासुपारी चघळायची. या रांगेतल्या शेवटच्या बंदराकडे मात्र नीट बघा. १९ डिसेंबर १९६१ पर्यंत पणजी पोर्तुगालची होती. म्हणजे वेंगुर्ल्याच्या पुढचं बंदर परमुलुखात, आणि तिथे निम्म्या तळकोकणाची सोयरीक!

आजच्या मोठ्या क्रूझही कित्येक बंदरांत अशाच बाहेर उभ्या राहतात आणि प्रवाशांना छोट्या होड्यांनी आणतात. त्या होडीला आता टेंडर म्हणतात. पडावच तो.

[जहाजाचा गँगवे. कार्ड टेकवून उतरणारे प्रवासी.]

आता काकांच्या बाजूनं. दर्यावर्दी जगात एक करार आहे, १९६५ साली लंडनला झालेला. जहाजांची बंदरातली कागदपत्रं कमी व्हावीत म्हणून केलेला. बोटीवरची माणसं त्याला नुसतं ‘फाल’ म्हणतात. त्याच्या नियमांत क्रूझच्या उताऱ्यांसाठी एक कलम आहे: जहाज बंदरात ७२ तासांपेक्षा कमी थांबणार असेल, तर त्यांना व्हिसाची गरज पडू नये. आणि लगेच पुढे शेपूट आहे, की तिथल्या अधिकाऱ्यांना विशेष कारण वाटलं तर गोष्ट वेगळी. त्या शेपटातूनच सगळं जग निसटतं. कोणी कलम पाळतं, कोणी अर्धं पाळतं, कोणी सरळ सांगतं की आमचा नियम निराळा.

तुर्कस्तान पाळतो. क्रूझनं आलेल्या माणसाला बंदराचं शहर आणि आसपासचा मुलूख बघायला ७२ तासांपर्यंत व्हिसाशिवाय उतरू देतो. जपाननं २०१५ पासून ठरावीक क्रूझ जहाजांवरच्या पर्यटकांसाठी उतरण्याचा खास परवाना ठेवलाय. चीननं मे २०२४ पासून किनाऱ्यावरची सगळी क्रूझ बंदरं परदेशी पर्यटकांच्या गटांना खुली केली. १५ दिवस, व्हिसा नाही. गट म्हणजे किमान दोन माणसं, आणि बंदोबस्त तिथल्या प्रवासी कंपनीचा हवा.

या साऱ्या सवलतींच्या पोटात एक अट सारखी आहे. ज्या बोटीनं आलात, त्याच बोटीनं जायचं.

म्हणून सिंगापूर किंवा हाँगकाँगहून बोटीत बसून नागासाकीला तीन तास उतरणं वेगळं, आणि मुंबईहून विमानानं टोकियोला जाऊन योकोहामाच्या धक्क्यावर बोट पकडणं वेगळं. बोट तीच, केबिन तीच, जपानही तोच. पण दुसऱ्या वेळी तुम्ही विमानतळावर एकटे उभे असता, पाठीशी बोट नसते. तिथे रीतसर जपानचा व्हिसा लागणार. सवलत बोटीला चिकटलेली आहे. बोटीवरून पाय सुटला की उरतो तो तुमचा निळा पासपोर्ट.

[पडवी. काकू चष्मा लावून दोन्ही पासपोर्ट बघताहेत.]

काकांच्या प्रवासाला हेच लावून बघू. सिंगापूरला भारतीयांना व्हिसा लागतो. चौदा-ए नावाचा फॉर्म असतो, तो अधिकृत एजंटाकडून भरला जातो. मलेशियानं १ डिसेंबर २०२३ पासून भारतीयांना ३० दिवसांपर्यंत व्हिसा माफ केलाय, म्हणजे पेनांगचं निभतं. थायलंडनंही २०२३ च्या नोव्हेंबरात दार उघडलं, पण त्या दाराच्या मुदती आणि अटी तेव्हापासून हलत्या राहिल्या आहेत. फुकेतचं काय ते निघायच्या आठवड्यात बघायचं, आजच्या व्हिडिओवर विसंबून नाही.

खरी ठेच पुढे आहे. बोट पाचव्या दिवशी सिंगापूरला परत येते. काका विमानानं एकदा सिंगापुरात शिरले, बोटीनं बाहेर पडले आणि आता दुसऱ्यांदा शिरताहेत. एकाच प्रवेशाचा व्हिसा असता, तर सहल पुरी आणि काका धक्क्यावर अडकलेले. क्रूझच्या बाबतीत ‘व्हिसा आहे का’ एवढं विचारून भागत नाही. ‘किती वेळा शिरता येतं’ हे आधी बघायचं.

युरोपात हे जास्त सतावतं. अथेन्सजवळच्या पिरेयसहून बोट सुटते, तुर्कस्तानात कुशादासीला थांबते आणि पुन्हा ग्रीसच्या सँटोरिनीला येते. कुशादासीला ७२ तासांची सूट आहे, तिथे कोणी अडवत नाही. पण शेंगेन, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या मुलुखातून बाहेर पडून परत आत यायचं, तर त्या व्हिसावर अनेक प्रवेशांची मुभा हवी. जुनी माहितीही इथे दगा देते. क्रोएशिया १ जानेवारी २०२३ ला शेंगेनमध्ये आला. व्हेनिसहून डुब्रोव्हनिकला जाऊन परत येणं त्याआधी दुसरा प्रवेश होता, आता नाही. शेजारचे कुणी २०१९ ला जाऊन आले असतील, तर त्यांचे फोटो जरूर बघावेत, सल्ला घेऊ नये.

[अलास्का. बर्फाचा कडा, जहाज.]

अमेरिकेत तर आणखीच तऱ्हा. तिथला भाचा फोनवर सांगतो, “मामा, कॅरिबियनच्या क्रूझला पासपोर्टसुद्धा लागत नाही!” तो खोटं बोलत नाही. ज्या अमेरिकन बंदरातून निघाली तिथेच परतणारी क्रूझ असेल, तर अमेरिकन नागरिकाचं जन्मदाखला आणि फोटोच्या ओळखपत्रावर काम भागू शकतं. पण ती मुभा भाच्याची आहे, मामाची नव्हे. मामांना बोटीत चढण्याआधी अमेरिकेत शिरायलाच व्हिसा हवा, आणि परतताना पुन्हा शिरायलाही.

सिएटलहून अलास्काला जाणाऱ्या बोटी मध्ये कॅनडाच्या व्हिक्टोरियाला का थांबतात, हाही एक किस्सा आहे. परदेशी झेंड्याच्या जहाजानं अमेरिकेच्या बंदरांमध्येच उतारू फिरवू नयेत, असा तिथला १८८६ चा कायदा. त्यातून वाट काढायला बोट वाटेत एक परकं बंदर गाठते, कधी कधी जेमतेम संध्याकाळपुरतं. तेवढ्या संध्याकाळसाठी आपल्या माणसाला कॅनडाचा व्हिसा काढावा लागतो.

१८८६ म्हटलं की रत्नागिरीकराला वेगळंच आठवतं. त्याच वर्षी इंग्रजांनी ब्रह्मदेशाच्या थिबा राजाला बोटीनं रत्नागिरीत आणून ठेवलं. त्याला कोणी व्हिसा विचारला नाही. आल्या बोटीनं परतही जाऊ दिलं नाही. १९१६ मध्ये तो इथेच वारला.

[जहाजाच्या आतला अरुंद जिना. गणवेशातली मुलं.]

बोटीवर आणखी एक वस्ती असते, ती माहितीपत्रकात दिसत नाही. कोकणातल्या किती घरांतला मुलगा बोटीवर आहे, ते गणपतीत रजेचा विषय निघाला की कळतं. आमच्या या पुतण्याच्या बॅगेत पासपोर्टाबरोबर सीडीसी असते, खलाशाची नोंदवही. फाल करारात खलाशाचं कलम उताऱ्यापेक्षा जास्त ठाम आहे: बंदरात पाय मोकळे करायला, म्हणजे शोअर लीव्हसाठी, त्याच्याकडे व्हिसा मागू नये. खलाशाच्या ओळखपत्रासाठी आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा १८५ क्रमांकाचा करार आहे, २००३ चा. भारतानं तो २०१५ मध्ये मान्य केला. अमेरिका मात्र ऐकत नाही. तिथल्या बंदरात उतरायचं तर खलाशाला सी-वन-डी व्हिसा लागतो. नसला तर बोटीच्या कठड्याला टेकून मायामी बघायचं.

[मुरगाव बंदर. पांढरी क्रूझ धक्क्याला.]

आणि आपल्या दारात? परदेशी पाहुण्याला भारतात क्रूझनं यायचं तरी व्हिसा लागतोच, ७२ तासांची माफी इथे नाही. ई-व्हिसा चालतो. त्यासाठी आधी मोजकीच बंदरं ठरली: मुंबई, मुरगाव, मंगळूर, कोची, चेन्नई. मुंबई आणि मुरगावच्या मधली सगळी किनारपट्टी त्या यादीत रिकामी. म्हणून परदेशी क्रूझ विजयदुर्गच्या समोरून दिवे लावून जाते, आणि आपण पुळणीवरून ती बघतो. त्यातल्याच एखाद्या बोटीवर मुंबईहून कोलंबोला जाऊन कोचीला परत येणारा पाहुणा असेल, तर त्याच्यापुढेही काकांचंच कोडं असतं: भारतात दुसऱ्यांदा शिरतोय, व्हिसा तेवढा आहे का?

मुंबई ते लक्षद्वीप मात्र आपल्याच देशात. पासपोर्ट नको, व्हिसा नको. पण प्रवेशाचा परवाना हवा, आपल्यालाही. १९६७ पासूनचा नियम आहे. कार्ताझ काही संपलेलं नाही.

[पडवी. संध्याकाळ. कंदिलाच्या जागी आता बल्ब.]

पुतण्या कागद एकेक करून बघतो. पासपोर्टाला अजून सहा महिने बाकी हवेत, काकांचे आहेत. काकूंच्या पासपोर्टावर सासरचं नाव, मुलानं तिकिटात घातलंय घरातलं लाडाचं नाव. ते बदलावं लागेल. धक्क्यावरचा मुलगा हसत हसत तपासतो, पण सोडत नाही. कागद अपुरे असलेला माणूस नेला, तर दंड आणि परत आणण्याचा खर्च बोटीच्या कंपनीवर पडतो. त्यापेक्षा तुम्हालाच चढू न देणं तिला स्वस्त. आणि पैसे परत मिळत नाहीत.

“आणि फुकेताक उतरल्यार,” तो म्हणतो, “चारचो टाइम दिलो असलो तर साडेतीनाक बोटीत येवा. बाजारात रमा नकात.”

“आणि चुकली तर?” काकू विचारतात.

“तर केबिनची तिजोरी उघडून तुमचे पासपोर्ट काढतत आणि धक्क्यावरच्या एजंटाकडे देवन बोट सुटता.”

काकू पासपोर्ट मिटून पदराखाली घेतात. “देवगडची एस्टी चुकली तर निदान दुसरी येता.”

“काकी,” पुतण्या म्हणतो, “तेका व्हिसा लागणा नाय.”

[बाहेर अंधार. समुद्रात दूर एका जहाजाचे दिवे, उत्तरेकडून दक्षिणेकडे.]