आठवड्याची नावे बाजू: बँकखात्यांवरून शहराची उलाढाल कशी वाचावी

श्रोतेहो, नमस्कार.

एखाद्या शहरातला धंदा वाढतोय की मंदावतोय, हे लवकर कसं कळावं? उत्पादन, रोजगार, विक्री यांचे आकडे गोळा होऊन छापून यायला कित्येक आठवडे जातात, कधी महिने. पण बँकेच्या खतावणीत दर संध्याकाळी एक बेरीज आयती तयार असते. आज ग्राहकांच्या खात्यांना एकूण किती रक्कम नावे पडली, म्हणजे खात्यांतून किती वजा झाली, ही ती बेरीज. कुणी चेक दिला, रोकड काढली, कर भरला, व्यापाऱ्याचं देणं चुकतं केलं, तर ते सगळं नावे बाजूला दिसतं. एका शहरातल्या बँकांच्या या बेरजा आठवडाभर जमवल्या, तर त्या शहरात किती पैसा हलला याचा आकडा पुढच्या काही दिवसांत हातात येतो.

अमेरिकेत फेडरल रिझर्व्हने, म्हणजे तिथल्या मध्यवर्ती बँकेने, पहिल्या महायुद्धाच्या अखेरीच्या सुमाराला नेमकं हेच सुरू केलं. देशाचे बारा जिल्हे पाडलेले होते, प्रत्येकाची आपली रिझर्व्ह बँक होती. जिल्ह्यातल्या प्रमुख शहरांतून आकडे यायचे आणि शहरवार तक्ता निघायचा. आठवडा गुरुवारी सुरू होऊन बुधवारी संपायचा. पुढे शहरांची यादी बदलली, व्याख्या बदलल्या, भर मासिक आकड्यांवर आला, तरी ही मोजणी कुठल्या ना कुठल्या रूपात १९९० च्या दशकापर्यंत चालू राहिली.

त्याआधी लोक क्लिअरिंग हाऊसचे, म्हणजे बँका एकमेकींवरचे चेक जिथे आणून आपसांतला हिशेब मिटवतात त्या ठिकाणाचे, आकडे वापरत. न्यूयॉर्कचं क्लिअरिंग हाऊस १८५३ सालचं, त्यामुळे आकड्यांची लांबलचक मालिका उपलब्ध होती. पण तिच्यात मोठी खोट होती. क्लिअरिंगमध्ये फक्त एका बँकेवरून दुसऱ्या बँकेकडे जाणारे चेक येतात. कापड व्यापाऱ्याने ५०० डॉलरचा चेक दिला आणि घेणाऱ्याचं खातं त्याच बँकेत असलं, तर तो चेक क्लिअरिंग हाऊसच्या दारात जातच नाही. आता अशा दोन बँका एकत्र झाल्या असं धरा. काल त्यांच्यात जाणारे चेक क्लिअरिंगमध्ये मोजले जात होते, आज ते घरातल्या घरात वटतात. बाजार होता तसाच आहे, पण क्लिअरिंगचा आकडा घसरला. १९२० च्या दशकात अमेरिकेत बँकांची विलीनीकरणं जोरात होती, त्यामुळे ही चूक वाढत गेली. खात्याला नावे पडलेली रक्कम मात्र दोन्ही वेळा ५०० डॉलरच राहते. नावे रकमेचा आकडा जास्त भरवशाचा, तो एवढ्यासाठी.

आता तो तयार कसा करायचा ते पाहू, कारण सगळी मेहनत काय घ्यायचं आणि काय वगळायचं यातच आहे. व्यक्ती, भागीदारी संस्था, कंपन्या आणि सरकारी संस्था यांच्या ठेवखात्यांना पडलेल्या नावे रकमा घ्यायच्या. दुसऱ्या बँकांच्या खात्यांना पडलेल्या रकमा सोडून द्यायच्या. क्लिअरिंगचा फरक चुकता करण्यासाठी दिलेले पैसे सोडायचे. बँकेने स्वतःच काढलेले रोखपालाचे चेक, बँकेचा स्वतःचा खर्च आणि चुकीच्या नोंदी दुरुस्त करण्यासाठी टाकलेल्या उलट नोंदी, हेही सोडायचे. ही शेवटची बाब किरकोळ वाटते, पण नव्या कारकुनाच्या हातून सगळ्यात जास्त निसटते तीच. समजा, ८,००० डॉलरची रक्कम चुकून दुसऱ्याच गिऱ्हाइकाच्या नावे पडली आणि दुसऱ्या दिवशी ती उलटवून योग्य खात्याला नावे टाकली. दुरुस्ती वगळली नाही, तर एकाच व्यवहाराचे १६,००० डॉलर होतात.

वगळता न येणारी दुहेरी मोजणीही असते. एकाच माणसाने आपल्या एका खात्यातून दुसऱ्यात पैसे हलवले, कंपनीने जुनं कर्ज फेडून नवं घेतलं, की नावे बाजू फुगते. माल मात्र कुठेच हललेला नसतो. उलट, पगारासाठी कारखान्याने २०,००० डॉलर रोख काढले तर नोंद एकच होते. ते पैसे मग वाण्याकडे, घरमालकाकडे, न्हाव्याकडे फिरतात आणि बँकेला त्यातलं काही दिसत नाही. वाण्याने भरणा करून घाऊक व्यापाऱ्याला चेक दिला की पैसा पुन्हा नजरेस येतो. म्हणून हा आकडा उत्पन्नाचा नव्हे की उत्पादनाचाही नव्हे. तो चेकने आणि खात्यातून झालेल्या देण्यांचा आहे, आणि त्याची किंमत बदल मोजण्यात आहे, पातळी मोजण्यात नाही. हे एकदा पक्कं केलं की पुढच्या बहुतेक चुका टळतात.

सगळ्यात मोठी अडचण न्यूयॉर्कची. तिथे शेअरबाजार, रोखेबाजार आणि दलालांची खाती. शेअर एका हातातून दुसऱ्या हातात गेला की मोठी रक्कम नावे पडते, पण त्यामुळे एकही पोतं गहू जास्त विकला जात नाही. १९२९ साल घ्या. अमेरिकेतली तेजी त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये शिगेला पोचून उतरणीला लागली, असं तिथली आर्थिक संशोधनाची राष्ट्रीय संस्था मानते. पण २९ ऑक्टोबरला न्यूयॉर्कच्या शेअरबाजारात सुमारे १ कोटी ६४ लाख शेअरांची उलथापालथ झाली. त्या दिवसांतल्या न्यूयॉर्कच्या नावे रकमांकडे पाहून कुणी धंद्याचा अंदाज बांधला असता तर तो साफ उलटा ठरला असता. पैसा वेगाने हलत होता तो घबराटीमुळे. त्यामुळे न्यूयॉर्क शहर वगळून उरलेल्या शहरांची बेरीज वेगळी द्यायची पद्धत पडली, आणि प्रादेशिक स्थिती जाणून घ्यायची असेल तर पाहायची ती हीच. न्यूयॉर्कच्या रिझर्व्ह बँकेतले संख्याशास्त्रज्ञ कार्ल स्नायडर यांनी १९२० च्या दशकात याच दिशेने बरंच काम केलं.

स्नायडर यांनी आग्रहाने केलेली दुसरी गोष्ट म्हणजे किमतींचा परिणाम काढून टाकणे. मे १९२० नंतर वर्षभरात अमेरिकेत घाऊक किमती ४० टक्क्यांहून जास्त कोसळल्या. समजा, एका शहराच्या आठवड्याच्या नावे रकमा २ कोटी डॉलरवरून १ कोटी २० लाखांवर आल्या. वरवर पाहता ४० टक्के धंदा बसला. पण त्याच काळात किमतीही ४० टक्के उतरल्या असतील, तर १.२० ला ०.६० ने भागा. उत्तर येतं २. म्हणजे व्यवहार तेवढाच आहे, फक्त स्वस्त झालाय. भागायला नुसता घाऊक किमतींचा निर्देशांक घेणं बरोबर नाही, कारण खात्यातून घरभाडं जातं, पगारही जातात, आणि ते घाऊक भावांइतके झपाट्याने हलत नाहीत. स्नायडर यांनी म्हणूनच घाऊक किमती, मजुरी, राहणीखर्च आणि भाडी एकत्र गुंफून सर्वसाधारण किंमतपातळी बांधली.

उलाढालीचा वेगही याच आकड्यांतून निघतो. शहरात सरासरी ठेवी १ कोटी डॉलर आणि आठवड्याच्या नावे रकमा ४० लाख. त्याला ५२ ने गुणलं तर वर्षाचे २० कोटी ८० लाख, म्हणजे ठेवीतला प्रत्येक डॉलर वर्षातून सुमारे २१ वेळा फिरला. ठेवी तेवढ्याच राहून हा वेग खाली येऊ लागला, तर लोक पैसा धरून बसलेत. मंदीच्या सुरुवातीला ठेवींच्या आकड्यात काहीच दिसत नाही, पण वेगात ते आधी दिसू शकतं.

श्रोतेहो, खरी नजर ठेवावी लागते ती कॅलेंडरवर. साप्ताहिक आकडा मागच्या आठवड्याशी आणि गेल्या वर्षीच्या त्याच आठवड्याशी ताडून पाहतात. पण ‘तोच आठवडा’ खरंच तोच असतो का? त्या काळी अमेरिकेत आयकराची तारीख १५ मार्च होती. १९२२ साली १५ मार्चला बुधवार होता, म्हणजे कराचा दिवस १५ मार्चला संपणाऱ्या आठवड्याच्या अगदी शेवटी पडला. १९२३ साली १५ मार्चला गुरुवार आला, आणि तो १४ मार्चला संपलेल्या आठवड्यातून निसटून पुढच्यात गेला. हे दोन आठवडे एकमेकांशेजारी ठेवले तर १९२३ मध्ये धंदा बसल्यासारखा दिसतो, आणि पुढच्या आठवड्यात एकदम उसळल्यासारखा. बदलला होता फक्त वार. अशा वेळी दोन आठवड्यांची बेरीज करून ताडायची, एवढाच उपाय.

सुट्टीचंही तसंच. १९३९ साली राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी थँक्सगिव्हिंगचा सण ३० नोव्हेंबरऐवजी २३ नोव्हेंबरला आणला. सुमारे निम्म्या राज्यांनी तो मानला, बाकीची ३० तारखेला चिकटून राहिली. त्यामुळे २९ नोव्हेंबरला संपलेल्या आठवड्यात काही राज्यांत बँकांचा एक दिवस कमी होता आणि शेजारच्या राज्यात पूर्ण आठवडा होता. हिशेब सोपा आहे: आठवड्याची बेरीज त्या शहरात बँका जितके दिवस उघड्या होत्या त्या दिवसांनी भागा, मगच तुलना करा. हे राष्ट्रीय पातळीवर एकदा करून चालत नाही, प्रत्येक शहरासाठी वेगळं करावं लागतं.

हंगाम तर प्रत्येक जिल्ह्याचा निराळा. डॅलसच्या जिल्ह्यात, म्हणजे मुख्यतः टेक्सासमध्ये, शरद ऋतूत कापसाचे पैसे हलतात, मिनियापोलिसकडे गव्हाचे, रिचमंडच्या जिल्ह्यातल्या विन्स्टन-सेलम आणि डरहॅममध्ये तंबाखूच्या लिलावांचे. ऑक्टोबरमधली वाढ पाहून टेक्सासमध्ये तेजी आली म्हणणं चूक आहे. ती दरवर्षीची वाढ आहे. गेल्या काही वर्षांच्या ऑक्टोबरांपेक्षा ती किती जास्त, तेवढं पाहायचं.

काही घटनांनी आकडे मुळातूनच बिघडतात. जून १९३२ पासून १९३४ अखेरपर्यंत अमेरिकेत प्रत्येक चेकवर २ सेंट कर होता. लहान रकमांसाठी लोक चेक सोडून रोखीकडे वळले. ती घट मंदीची नव्हती, कराची होती. १९३० ते १९३३ या काळात सुमारे ९,००० बँका बंद पडल्या. आकडे देणारी बँकच बुडाली की शहराच्या बेरजेत भोक पडतं, आणि तिची गिऱ्हाइकं यादीबाहेरच्या बँकेत गेली तर ते भोक भरतही नाही. मार्च १९३३ मध्ये ६ तारखेपासून देशभरच्या बँका सरकारी आदेशाने बंद होत्या, १३ तारखेपासून टप्प्याटप्प्याने उघडल्या. अशा आठवड्याचा रकाना मोकळा ठेवून शेजारी कारण लिहावं. त्यात शून्य भरलं की पुढच्या प्रत्येक सरासरीत ते शून्य घुसतं.

आपल्याकडचं काय? रिझर्व्ह बँक जून २०२० पासून देयक प्रणालींचे दररोजचे आकडे देते, पण ते देशभराचे. जिल्हावार मिळतात ते ठेवी आणि कर्जांचे तिमाही आकडे. त्यांतून कळतं की तिमाहीच्या शेवटी शिल्लक किती होती. मध्ये पैसा किती फिरला, ते कळत नाही. कोल्हापूर किंवा सोलापुरात गाळप सुरू झालं की कारखान्याने ऊस पोचल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यावेत असा नियम आहे. ती रक्कम कारखान्याच्या खात्याला नावे पडते, शेतकऱ्याच्या खात्यात जमा होते, आणि तिथून सोसायटीचं कर्ज, खतांचं दुकान, लग्नाचा बस्ता अशी पुन्हा पुन्हा नावे पडत जाते. तालुक्याच्या बाजारात पैसा आला की नाही हे ज्यांना जाणून घ्यायचंय, त्यांना या साखळीचा साप्ताहिक आकडा फार उपयोगी पडेल. जिल्हा मध्यवर्ती बँकांकडे आणि सहकारी बँकांकडे तो संगणकात आहेच, फक्त व्याख्या ठरवून बाहेर काढायला हवा.

तो काढताना न्यूयॉर्कची अडचण मुंबईच्या रूपाने समोर येईल. कंपनीचं मुख्य कार्यालय मुंबईत, कारखाना चाकणला किंवा बुटीबोरीला, आणि पगार, माल, कर हे सगळं मुंबईच्या खात्यातून. पुणे किंवा नागपूर जिल्ह्याच्या आकड्यात त्यातलं काही येणार नाही. साध्या माणसाचंही तसंच आहे: साताऱ्याच्या शाखेत खातं, नोकरी पुण्यात. रोज पुण्याच्या हॉटेलात आणि किराणा दुकानात मोबाइलवरून दिलेले पैसे साताऱ्याच्या नावे पडतात. म्हणून खातं कुठल्या शाखेत आहे आणि पैसे घेणारा दुकानदार कुठे आहे, हे दोन्ही रकाने ठेवावे लागतील. दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी शाखा बंद असतात, पण यूपीआय चालूच असतं, तेव्हा दिवसांनी भागायचं ते फक्त शाखेतल्या व्यवहारांना.

आणि दिवाळी. २०२३ मध्ये लक्ष्मीपूजन १२ नोव्हेंबरला होतं, २०२४ मध्ये ते नोव्हेंबरच्या पहिल्याच दिवसापर्यंत मागे आलं. नोव्हेंबरचा दुसरा आठवडा दोन्ही वर्षांत शेजारी ठेवला, तर एकीकडे सणाची खरेदी आणि दुसरीकडे सण उरकल्यानंतरची शांतता. तिथे तारीख सोडून द्यावी. लक्ष्मीपूजनाचा दिवस धरून त्याआधीचे चार आठवडे आणि नंतरचे दोन मोजावेत, आणि ताडायचे ते त्या सहा आठवड्यांशी तसेच सहा आठवडे.

नमस्कार.