गोड्या पाण्याच्या वाटेने: एका दिवसाची मुंबई

आकाशात अजून काळोख आहे, पण कुलाब्याच्या ससून डॉकवरचा दिवस केव्हाच सुरू झाला आहे. धक्क्याला लागलेल्या बोटींमधून करंदी, बोंबील आणि सुरमईच्या पाट्या वर येत आहेत, लिलावाचे आकडे एकमेकांवर आदळत आहेत आणि डोक्यावर ओझे घेतलेली माणसे "बाजू, बाजू" असे ओरडत गर्दीतून वाट काढत आहेत. एक कोळीण मावशी बादलीतले पाणी ओंजळीने घेऊन समोरच्या पापलेटांवर शिंपडते, त्यांचा क्रम नीट लावते आणि मगच पहिल्या गिऱ्हाइकाकडे मान वर करून बघते. हा धक्का १८७५ मध्ये बगदादहून आलेल्या ससून या ज्यू घराण्याने बांधला. तो बांधला कापसाच्या व्यापारासाठी आणि आज तो चालतो मासळीवर, म्हणजेच या बेटांच्या सर्वांत जुन्या रहिवाशांच्या व्यवसायावर.

मुंबईला तिन्ही बाजूंनी समुद्र आहे, आणि नेमक्या याच कारणाने इथे वस्तीला येणाऱ्या प्रत्येकापुढचा पहिला प्रश्न प्यायच्या पाण्याचा होता. जो समाज आला, त्याने देऊळ, मशीद किंवा अग्यारी तर उभारलीच, पण त्यासोबत कुठे विहीर खणली, कुठे तलाव बांधला, कुठे पाणपोई घातली. आज आपण तीच खूण धरून चालणार आहोत. खाऱ्या पाण्यापाशी निघून संध्याकाळी वाळकेश्वरच्या गोड्या पाण्यापाशी पोहोचायचे, असा हा साधारण बारा-तेरा किलोमीटरचा रस्ता आहे, आणि तो सगळा पायीच करायचा आहे.

गेटवे ऑफ इंडियापाशी आपण फार थांबणार नाही, कारण त्याचे चित्र प्रत्येकाच्या मनात आधीपासून आहे. काळा घोडा ओलांडून हुतात्मा चौकात आलो की समोर १८६४ चे फ्लोरा फाउंटन दिसते. कोटाच्या भिंती पाडल्यानंतर चर्चगेट नावाच्या दरवाजाच्या जागी हे कारंजे उभे राहिले. रोमन देवतेच्या त्या शुभ्र पुतळ्याशेजारीच संयुक्त महाराष्ट्रासाठी प्राण देणाऱ्यांचे स्मारक आहे, आणि मराठी माणसाचे पाऊल इथे आपोआप मंदावते.

इथून पश्चिमेला चर्चगेटच्या दिशेने गेल्यावर क्रॉस मैदानाच्या कडेला एक छत्री दिसते. तिच्या खाली भिखा बेहराम यांची विहीर आहे. भरूचहून आलेल्या या पारशी व्यापाऱ्याने ती १७२५ मध्ये खणली. समुद्र त्या काळी इथून आजच्यापेक्षाही जवळ होता, तरी विहिरीला गोडे पाणी लागले, आणि या गोष्टीचे आश्चर्य पारशी कुटुंबांत आजही बोलून दाखवले जाते. जल हे त्यांच्या धर्मात पूज्य आहे. त्यामुळे लोक इथे येऊन दिवा लावतात आणि पाण्याकडे तोंड करून प्रार्थना म्हणतात. आत जाण्याची परवानगी केवळ पारशी-इराणी जरथुष्ट्री समाजाला आहे, म्हणून आपला कॅमेरा कठड्याबाहेरच थांबतो.

मैदानाच्या कडेने उत्तरेला गेलो की धोबी तलाव येतो, पण तलाव मात्र कुठे दिसत नाही. विहार तलावाचे पाणी १८६० मध्ये नळाने शहरात आले आणि त्यानंतर मुंबईतले जुने तलाव एकेक करून अनावश्यक ठरत गेले. पुढे हिवतापाच्या भीतीने अनेक विहिरी झाकल्या गेल्या, तलाव बुजवले गेले आणि त्यांची फक्त नावे बसथांब्यांवर व दुकानांच्या पाट्यांवर उरली. धोबी तलावाच्या नाक्यावर १९०४ पासून चालत आलेले कयानी हे इराणी हॉटेल आहे. संगमरवरी टेबलावर मस्का लावलेला ब्रून आणि कपभर चहा येतो, तेव्हा सकाळचे साडेआठ वाजलेले असतात. इराणातून आलेल्या माणसांनी इथे उघडलेल्या अशा हॉटेलांमध्ये गिरणीतला कामगार, कारकून आणि वकील शेजारी शेजारी बसून चहा पीत, आणि ज्या शहरात कोणी कोणाच्या हातचे खावे याचे नियम कडक होते, त्या शहरात ही गोष्ट लहान नव्हती.

छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसच्या गर्दीतून आणि महात्मा फुले मंडईच्या फळांच्या वासातून आपण पुढे सरकतो आणि मोहम्मद अली रोड ओलांडून मशीद बंदरच्या बाजूला वळतो. इथल्या सॅम्युएल स्ट्रीटवर हातगाड्यांच्या गर्दीत मुंबईतले सर्वांत जुने सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचे प्रार्थनास्थळ, उभे आहे. ते १७९६ मध्ये सॅम्युएल इझिकेल दिवेकर यांनी बांधले. दिवेकर हे आडनाव ऐकून थबकायला होते, आणि थबकलेच पाहिजे. बेने इस्राएल समाजाची परंपरा सांगते की त्यांच्या पूर्वजांचे जहाज कोकणच्या किनाऱ्यावर अलिबागजवळच्या नवगाव इथे फुटले आणि सात पुरुष व सात स्त्रिया तेवढ्या वाचल्या. ती कुटुंबे कोकणातल्या गावागावांत पसरली, तेलाचे घाणे चालवू लागली आणि शनिवारी काम बंद ठेवतात म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणू लागले. दिवेआगरचे ते दिवेकर, पेणचे ते पेणकर, नवगावचे ते नवगावकर. त्यांची मातृभाषा मराठीच झाली. दिवेकर कंपनी सरकारच्या सैन्यात होते, टिपू सुलतानाच्या कैदेत सापडले आणि सुखरूप सुटल्यावर त्यांनी हे प्रार्थनास्थळ बांधले, असे सांगितले जाते. शुभप्रसंगी या समाजात मलिदा करतात. भिजवलेल्या पोह्यांत गूळ किंवा साखर आणि ओले खोबरे कालवायचे, वर फळे मांडायची आणि एलियाहू संदेष्ट्याचे स्मरण करायचे. पोहे, नारळ आणि हिब्रू प्रार्थना एकाच ताटाभोवती! आज या समाजातले बहुतेक लोक इस्राएलमध्ये स्थायिक झाले आहेत, पण तिथेही मराठी बोलणारी घरे आहेत आणि मलिद्याचे ताटही आहे.

याच भागात, भात बाजारात, कच्छी व्यापारी केशवजी नाईक यांच्या नावाचे १८७६ चे कारंजे आहे. हमालांच्या आणि धान्याच्या गाड्यांच्या या रस्त्यावर पाणी देण्याची सोय करणे हा त्या काळच्या व्यापाऱ्याला सर्वांत उचित दानधर्म वाटला. हे नाव लक्षात ठेवावे, कारण दुपारनंतर ते पुन्हा भेटणार आहे.

आता आपण पुन्हा पश्चिमेला, शेख मेमन स्ट्रीटवर येतो. कापडाच्या आणि सोन्याच्या बाजाराला लागूनच जामा मशीद आहे. तिचे बांधकाम १८०२ मध्ये पूर्ण झाले आणि तिच्या कारभारात कोकणी मुसलमान समाजाचा वाटा जुना आहे. पायऱ्या चढून आत जावे तो समोर जमीन नाही, पाणी आहे. इथे आधीपासून तलाव होता. तो राखला जाईल या अटीवरच जागा मिळाली, असे सांगतात, आणि तो बुजवण्याऐवजी दगडी कमानींवर मशीद वर उचलून धरली गेली. हिरवट पाण्यात मासे फिरत असतात. नमाजाला आलेले एक आजोबा पायरीवर बसतात, बाह्या कोपरापर्यंत वर घेतात, तीनदा चूळ भरतात, चेहरा धुतात आणि ओला हात मानेवरून फिरवतात. बाहेर झवेरी बाजाराचा कल्लोळ चाललेला असतो आणि इथे फक्त पाण्याचा आवाज येतो. दिवसभरात पाहिलेल्या सगळ्या वास्तूंमध्ये मला हीच सर्वांत सुंदर वाटते.

तिथून काही मिनिटांवर मुंबादेवी आहे. कोळ्यांची ही देवी बोरीबंदराच्या बाजूने इथे आली आणि तिच्या देवळाशेजारी मोठा तलाव होता, तोही बुजला. पुढे भुलेश्वरच्या फुलबाजारातून सी. पी. टँकच्या नाक्यावर आलो की कावसजी पटेल या पारशी गृहस्थाने अठराव्या शतकात बांधलेल्या तलावाची जागा दिसते, आणि तिथे आता केवळ वाहने गोल फिरतात. मात्र या दानशूरांची नावे घेताना एक गोष्ट विसरणे अप्रामाणिकपणाचे होईल. सार्वजनिक म्हटल्या जाणाऱ्या पाणवठ्यांवर अस्पृश्य मानल्या गेलेल्या माणसांना हात लावू दिला जात नव्हता. ते पाणवठे सर्वांना खुले करण्याचा ठराव सीताराम केशव बोले यांनी मुंबई कायदेमंडळात १९२३ मध्ये मंजूर करून घेतला, आणि कागदावरचा तो हक्क प्रत्यक्षात बजावण्यासाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर जावे लागले. एखाद्या शहरात किती समाज राहतात, याइतकेच तिथल्या विहिरीवर कोणाची घागर भरते, हेही विचारायला हवे.

गिरगावात शिरलो की ऊन कलू लागते. खोताच्या वाडीत लाकडी सज्जांची, कौलारू, बाहेरून जिना असलेली घरे अजून थोडी शिल्लक आहेत. इथल्या ईस्ट इंडियन कॅथलिकांची घरची भाषा मराठीच आहे. त्यांच्या लग्नात उंबराचे पाणी आणण्याचा विधी असतो. आदल्या दिवशी नातेवाईक वाजतगाजत विहिरीवर जातात आणि वधूवरांच्या अंघोळीसाठी पाणी भरून आणतात. अंगणात क्रूस आणि विधीच्या नावात उंबर, यात इथल्या कोणालाही विसंगती वाटत नाही. जवळच केशवजी नाईकांची चाळ आहे. भात बाजारात पाणी देणाऱ्या त्याच माणसाच्या नावाची ही चाळ. १८९३ पासून इथे सार्वजनिक गणेशोत्सव होतो आणि १९०१ मध्ये लोकमान्य टिळक इथे आले होते. गणपती ज्या समुद्राकडे जातो, तो गिरगाव चौपाटीचा समुद्र इथून हाकेच्या अंतरावर आहे.

चौपाटीवरून मलबार हिलचा चढ चढून आपण वाळकेश्वरला उतरतो, तेव्हा सूर्य मावळतीला आलेला असतो. इमारतींच्या मधून अरुंद दगडी पायऱ्या खाली जातात आणि एकदम बाणगंगा तलाव समोर येतो. सीतेच्या शोधात निघालेल्या रामाला तहान लागली, बाण मारताच इथे गंगा प्रकटली, अशी कथा आहे. शिलाहारांच्या काळापासूनचे हे ठिकाण पोर्तुगीजांच्या अमदानीत उजाड झाले आणि १७१५ मध्ये रामा कामत या सारस्वत व्यापाऱ्याने इथले वाळकेश्वराचे देऊळ पुन्हा बांधले. आजही तलावाची व्यवस्था गौड सारस्वत ब्राह्मण टेम्पल ट्रस्टकडे आहे. काठावर दीपमाळा आहेत, मठ आहेत, बदके आहेत आणि श्राद्धासाठी आलेली, मुंडण केलेली माणसे आहेत. घरांच्या एका रांगेपलीकडे अरबी समुद्र खडकांवर आपटतो आहे आणि अलीकडे झऱ्याचे पाणी बाराही महिने गोडे राहते.

दिवेलागण होते. खालच्या पायरीवर एक आजी वाकून तांब्या बुडवतात, काठोकाठ भरलेला तांब्या पदराने पुसतात आणि तुळशीला घालायला घरी घेऊन जातात.