शॅम्पेन केकसोबत नको, बोंबलासोबत घ्या

(मुंबईत झालेल्या व्याख्यानाचे संपादित रूप)

मंडळी, समोर पिवळ्या लेबलाची जी बाटली आहे ती व्हव क्लिको या फ्रेंच शॅम्पेन कंपनीची. आपल्याकडे अशी बाटली वाढदिवसाला नाहीतर रिसेप्शनला उघडते आणि तिच्यासोबत हातात केक येतो. ही जोडी मला मुळीच पटत नाही. लेबलवर 'ब्रूट' लिहिलंय, म्हणजे लिटरमागे साखर १२ ग्रॅमपेक्षा कमी. जिभेवर आयसिंग असताना वाइनमधली ही थोडीशी साखर जाणवतच नाही, आंबटपणा तेवढा उरतो. मग पाहुणे चांगल्या वाइनला नावं ठेवतात.

ही वाइन बनते पिनो न्वार, शार्दोने आणि मनिए या तीन द्राक्षांची. क्लिकोमध्ये वरचष्मा पिनो न्वारचा. तयार वाइनमध्ये साखर आणि यीस्ट घालून बाटली बंद करतात. ती आतच पुन्हा आंबते, गॅसला वाट मिळत नाही आणि दाब सहा अ‍ॅटमॉस्फिअरच्या आसपास पोहोचतो. मेलेल्या यीस्टचा गाळ हळूहळू तोंडाशी आणून काढायचा, ही यातली खरी डोकेदुखी. त्यासाठी बाटल्या उलट्या खोचायचं भोकाभोकांचं टेबल ही कंपनी चालवणाऱ्या मादाम क्लिको यांच्या तळघरात १८१६च्या सुमारास आलं. साल न छापलेली शॅम्पेन किमान १५ महिने बाटलीत मुरते, त्यातले १२ महिने या गाळावर. ताज्या पावासारखा वास येतो तो त्यातूनच.

आता थंड करण्याचं. आपल्या हवेत हीच पायरी सर्वात जास्त चुकते. फ्रिजमध्ये तीन-चार तास, किंवा निम्मं पाणी निम्मा बर्फ अशा बादलीत अर्धा-पाऊण तास. नुसत्या बर्फात बाटलीभोवती हवेच्या पोकळ्या राहतात, म्हणून पाणी हवंच. फ्रीझरमध्ये विसरलात तर बाटली फुटू शकते. प्यायची ८ ते १० अंशांना. कोमट बाटली उघडताच फेस उसळतो आणि पाव बाटली टेबलावर जाते. अतिथंड असेल तर वास मिटून जातो.

उघडताना अंगठा बुचावरून हलवायचा नाही. तारेची कडी सहा अर्धे फेरे फिरवून सैल करा, जाळी बुचावरच राहू द्या. बाटली ४५ अंशांत तिरकी, तोंड माणसांपासून दूर. बूच घट्ट धरा आणि फिरवा ती बाटली. आवाज हलक्या सुस्काऱ्याएवढाच यायला हवा.

ग्लास पोटाशी थोडा रुंद घ्या. साबणाचा अंश राहिला तर बुडबुडे मरतात, म्हणून गरम पाण्याने खळबळून उपडा ठेवा. एका वेळी ८०-१०० मिलीच ओता, आपल्या उकाड्यात जास्त ओतलेली हातातच तापते. आधी वास घ्या: हिरवं सफरचंद, लिंबाची साल, बदाम, भाजलेला पाव. भिजलेल्या पुठ्ठ्याचा वास आला तर बूच खराब, ती बाटली परत करा.

आणि खायला? ओले बोंबील! तळणीचा तेलकटपणा आंबटपणाने कापला जातो, मिठामुळे वाइन मऊ लागते, रव्याच्या कुरकुरीत थराला बुडबुड्यांची साथ मिळते. आठ बोंबील चिरून, कापडात गुंडाळून अर्धा तास वजनाखाली दाबा. पाणी राहिलं तर कव्हर सुटतं. मीठ, अर्धा चमचा हळद, तिखट मात्र अर्ध्या चमच्यावर नेऊ नका. अर्धी वाटी रवा, दोन चमचे तांदळाचं पीठ, आणि तापलेलं तेल. वरून लिंबू पिळू नका, वाइन बेचव लागेल. शाकाहारी ताटात कोथिंबीर वडी किंवा साबुदाणा वडा, हिरव्या मिरच्या निम्म्या करून. ठेचा नकोच: तिखटाची आग बुडबुडे आणि अल्कोहोल दोन्ही भडकवतात.

गोडासोबतच घ्यायची असेल तर 'दमी-सेक' शोधा, लिटरमागे ३२ ते ५० ग्रॅम साखर. तीही नानकटाईपर्यंतच पुरते. श्रीखंड-पुरणपोळीपुढे तिचाही निभाव लागत नाही.

उरलेल्या बाटलीच्या तोंडात चमचा अडकवून गॅस टिकत नाही. शॅम्पेनचं चिमट्याचं झाकण मिळतं, ते लावून फ्रिजमध्ये ठेवा आणि दुसऱ्या दिवशी संपवा.