आठ इलेक्ट्रॉनांचा हिशोब

[दृश्य: तुर्भे, कांदा-बटाटा मार्केट. पहाट. ट्रकमधून गोणी उतरताहेत.]

इथं आता वजन इलेक्ट्रॉनिक काट्यावर होतं. आकडा लाल दिव्यांत झळकतो आणि कुणी वाद घालत नाही. पण ज्यांच्या घरी आपण निघालोय, त्या मापाडीकाकांची सगळी उमेद तराजूवर गेली. गाव सातारा जिल्ह्यातलं, घर कोपरखैरण्याच्या माथाडी वसाहतीत. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली.

[दृश्य: शोकेस. बक्षिसांच्या शेजारी लोखंडी वजन.]

टीव्हीखालच्या शोकेसमध्ये पाच किलोचं एक जुनं वजन आहे. काका ते उलटं करून दाखवतात. तळाला खड्डा, खड्ड्यात शिसं, आणि शिशावर वैधमापनवाल्यांनी मारलेला शिक्का. ठरावीक मुदतीनं हे वजनच तपासायला न्यावं लागायचं. "लोखंड हाय. झिजतं, गंजतं," काका म्हणतात. "काटा वजनावर तपासायचा. पण वजन कशावर तपासायचं, ते बी बघायला लागतं."

त्यांची मुलगी भौतिकशास्त्रात एमएस्सी करते. तिच्या प्रोजेक्टचा विषयही हाच आहे. फरक एवढाच, की तिचा काटा जमिनीपासून ६५० किलोमीटर उंचीवर आहे.

[दृश्य: लॅपटॉपचा पडदा. खिडकीबाहेर पाऊस.]

२८ सप्टेंबर २०१५ रोजी श्रीहरिकोट्याहून ॲस्ट्रोसॅट, म्हणजे दुर्बिणी बसवलेला भारताचा उपग्रह, निघाला. त्यावरच्या दुर्बिणींपैकी एक मृदू, म्हणजे कमी ऊर्जेच्या, क्ष-किरणांची. ती मुंबईतच, कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत, उभी राहिली; कॅमेऱ्यासाठी इंग्लंडच्या लेस्टर विद्यापीठाची साथ होती. कॅमेऱ्याचा सीसीडी, म्हणजे किरण टिपणारी सिलिकॉनची चकती, ६०० बाय ६०० पिक्सेलचा आणि उणे ८० अंशांच्या आसपास थंड ठेवलेला. २६ ऑक्टोबरला त्याचं दार उघडलं.

हा कॅमेरा नुसते फोटो काढत नाही, वजनही करतो. क्ष-किरणाचा एक कण सिलिकॉनवर आदळला की इलेक्ट्रॉन सुटे होतात. जितकी ऊर्जा जास्त, तितके इलेक्ट्रॉन जास्त. ५.९ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टचा (हे ऊर्जेचं माप) कण आला, तर साधारण १६००. ते मोजायचे आणि ऊर्जा सांगायची.

पण मोजणी जागच्या जागी होत नाही. इलेक्ट्रॉनांची ती रास एका पिक्सेलमधून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात, अशी कडेपर्यंत सरकत जाते. मार्केटात माल हातोहात पुढे जातो तशी. अवकाशातले प्रोटॉन सिलिकॉनच्या स्फटिकाला मार देतात, आणि मार बसलेल्या जागी इलेक्ट्रॉन अडकतात. लांबून येणाऱ्या राशीला वाटेत जास्त गळती.

गळती किती? समजा, १६०० मधले आठ कमी झाले. कांद्याच्या गोणीत एवढं कोण बघतं! पण आठ इलेक्ट्रॉन म्हणजे जवळपास ३० इलेक्ट्रॉनव्होल्ट, अर्धा टक्का. वर्णरेषा म्हणजे मूलद्रव्याची ठरावीक ऊर्जेची खूण; ढग पळत असला की ती सरकते. लोखंडाच्या वर्णरेषेत तेवढा फरक पडला, की एखादा स्थिर वायूढग सेकंदाला १५०० किलोमीटर वेगानं पळतोय असा निष्कर्ष निघू शकतो. शोधनिबंध छापून येईल, ढग मात्र तिथंच असेल.

म्हणून कॅमेऱ्यासोबत वजनं पाठवली आहेत. सीसीडीच्या चारही कोपऱ्यांत आयर्न-५५ चे किरणोत्सारी ठिपके. हो, तेही लोखंडच. त्याचा अणू स्वतःचाच एक इलेक्ट्रॉन गिळून मँगनीज होतो, आणि मँगनीज ५.९ चा क्ष-किरण सोडतं. दुर्बीण आकाशात कुठंही बघत असो, कोपऱ्यांत ही वजनं पडतच असतात.

[दृश्य: आलेख. एक उंच शिखर, उजवीकडे लहानसा उंचवटा.]

कोणत्या ऊर्जेचे किती कण आले, ते यात दिसतं. उंच शिखर ५.९ चं. शेजारचा लहान उंचवटा ६.५ च्या जरा आत. महिन्यामहिन्याच्या फायली उघडायच्या, चार कोपरे वेगळे काढायचे, शिखर कुठं बसलंय ते पाहायचं. डावीकडे कललं? रुंद झालं? आणि त्या वेळी तापमान किती होतं? कामाचा मोठा भाग हा असा आहे. चित्रपटात दाखवतात तसं "सापडलं!" म्हणून कुणी ओरडत नाही.

अमेरिकेच्या चंद्रा दुर्बिणीला हे फार लवकर शिकावं लागलं. १९९९ मध्ये उड्डाणानंतर काही आठवड्यांतच तिच्या मुख्य कॅमेऱ्याच्या दहापैकी आठ सीसीडींची गळती वाढली. ती पृथ्वीभोवतीच्या किरणोत्सारी पट्ट्यांतून जायची, तेव्हा कमी ऊर्जेचे प्रोटॉन तिच्या आरशांवरून घरंगळत थेट कॅमेऱ्यावर यायचे. तेव्हापासून पट्टा आला की कॅमेरा आरशांसमोरून बाजूला सरकवतात. ॲस्ट्रोसॅटची कक्षा विषुववृत्ताशी फक्त सहा अंश कललेली आहे, त्यामुळे दक्षिण अटलांटिकवर जिथं हे पट्टे खाली उतरतात, त्या वाईट भागाची तो कडच चाटून जातो.

काका शेजारी बसून हे सगळं ऐकत असतात. त्यांना एकच गोष्ट विचारायची असते.

"तुझं लोखंड झिजत न्हाई का?"

झिजतं. आयर्न-५५ दर २.७ वर्षांनी निम्मं होतं. दहा वर्षांत तेराव्या हिश्श्याइतकंच उरतं. मात्र यात एक मेख आहे, आणि ती काकांच्या शोकेसमधल्या लोखंडात नाही. प्रत्येक कणाची ऊर्जा तीच राहते, तसूभरही हलत नाही. फक्त कण कमी येतात. वजन खोटं होत नाही, दुर्मिळ होतं. पूर्वी जे शिखर लवकर उभं राहायचं, त्यासाठी आता कितीतरी पट वेळ थांबावं लागतं.

"आन् सगळंच संपल्यावर?"

मुलगी दुसरी फाईल उघडते. शर्मिष्ठा तारकासमूहातला एक गोल, फाटका ढग. १५७२ मध्ये टायको ब्राहेनं जो नवा तारा पाहिला, त्याचे हे अवशेष. त्यात सिलिकॉनची रेषा आहे, गंधकाची आहे, लोखंडाची आहे. कॅमेरा त्यांच्याकडे वळवायचा आणि काटा जुळवायचा.

काका चष्मा वर सरकवतात. "ह्याच्यावर शिक्का कुणाचा?"

ती हसते. तोच तर वाद आहे, म्हणते. वेगवेगळ्या देशांच्या दुर्बिणी याच ढगांचं वजन करतात आणि प्रत्येकीचा आकडा थोडा वेगळा येतो. मग कॅलिब्रेशनवाले, म्हणजे हे काटे जुळवणारे, सगळे एकत्र जमतात आणि कुणाचा काटा किती चुकतोय यावर हुज्जत घालतात.

"भाव फुटायच्या आधी आमच्याकडं बी असंच चालायचं," काका म्हणतात, आणि वजन पुन्हा शोकेसमध्ये ठेवतात. शिक्का खाली, तळाशी.

[दृश्य: पडद्यावर पुढची फाईल उतरते आहे. ६४ टक्के.]